सी अर्चिनचं फॉसिल चांगलं म्हणजे नेमकं कसं?

सी अर्चिन म्हणजे समुद्रातला गोलसर कवचाचा काटेरी प्राणी. त्याची फॉसिल्स जमवायची म्हटलं की बहुतेक जण गोल गरगरीत, गुळगुळीत पीसच्या मागे लागतात, पण माझ्या मते गुळगुळीत हाच मोठा दोष, कारण वरचं सगळं नक्षीकाम घासून गेलेलं असतं. मी आधी भिंग काढतो. सिडारिड प्रकारात कवचावर मोठे उंचवटे असतात, त्यांच्यावर काटे बसलेले असायचे, प्रत्येकाच्या टोकाला एक मण्यासारखी गाठ, भोवती सपाट रिंगण आणि रिंगणाच्या कडेने अगदी बारक्या उंचवट्यांची माळ. ती माळ स्पष्ट दिसली ना, की एक बाजू फुटलेली असली तरी तो पीस माझ्यासाठी भारी!

काटे जागेवर असलेला पीस मिळणं खरंच अवघड, कारण प्राणी मेला की काटे धरून ठेवणारा मऊ भाग कुजतो आणि ते गळून पडतात. काट्यांसकट मिळाला तर समजायचं की तो गाळाखाली पटकन गाडला गेलाय. हार्ट अर्चिनचं, म्हणजे हृदयाच्या आकाराच्या सी अर्चिनचं वेगळं, त्यातले मायक्रास्टर वगैरे मुळात गाळात बीळ करूनच राहायचे, त्यामुळे इंग्लंडच्या चॉकमध्ये, म्हणजे मऊ पांढऱ्या चुनखडकात, त्यांची अख्खी कवचं छान टिकलीत.

साफ करताना मात्र प्लीज व्हिनेगर नको. कवच कॅल्साइटचं असतं, ॲसिड आधी ती नक्षीच खातं. पाणी, मऊ ब्रश आणि भरपूर पेशन्स, बस. आणि कवचावर किड्याच्या वेड्यावाकड्या नळ्या चिकटलेल्या दिसल्या तर घाण समजून खरवडू नका, नळी थेट उंचवट्यांवरून गेली असेल तर काटे गळल्यावर ते रिकामं कवच समुद्राच्या तळावर पडून होतं आणि मग त्यावर किड्याने घर केलं, एवढं सगळं त्यावरून कळतं, ते पुसून टाकायचं कशाला?

लेबलबद्दल मी फार हट्टी आहे. आर्थर रो या इंग्लिश फॉसिल अभ्यासकाने १८९९ मध्ये मायक्रास्टर काळानुसार हळूहळू कसा बदलत गेला ते दाखवलं, आणि ते जमलं कारण कुठला नमुना चॉकच्या कुठल्या थरातला ते त्यांना माहीत होतं. त्यामुळे नुसतं गावाचं नाव पुरत नाही, थर पण लिहा, आणि तो पीस उचलतानाच लिहा.