वरून फासू नकोस!

माझ्या चित्रकलेच्या वहीत भिंत दिसली की सर म्हणायचे, "अरे, रंग वरून फासू नकोस, भिंतीतूनच आल्यासारखा वाटू दे." सातवीतल्या पोराला यातलं काय कळणार? पोस्टर कलरचा थर चढवणं एवढंच मला यायचं.

मग एका रविवारी सर आम्हा दहा-बारा जणांना कुलाब्याला अफगाण चर्च बघायला घेऊन गेले. आम्ही माना वर करून मनोरा बघतोय, तर सर म्हणाले, "आता आत चला आणि खाली बघा." पायाखाली विलायतेहून आणलेल्या नक्षीदार फरश्या! चर्च हेन्री कॉनिबेअरचं, १८५८चं. पण फरश्या, धातूचा नक्षीदार पडदा, बाकं ही आखणी विल्यम बटरफील्ड या इंग्लिश वास्तुविशारदाची. नाव ऐकताच मागून कुणीतरी 'लोणीवाले' म्हणालं. (तो मीच होतो. आता कबूल करायला हरकत नाही.)

पुढे नोकरीनिमित्त लंडनला गेलो, तेव्हा मार्गारेट स्ट्रीटवरचं त्याचं ऑल सेंट्स चर्च शोधून काढलं. चिंचोळी जागा, त्यात लाल विटांवर काळ्या विटांचे पट्टे. भारदस्त चर्च म्हटलं की दगड, असं मानणाऱ्या काळात त्यानं १८५० साली मुद्दाम वीट घेतली. काजळीच्या त्या शहरात वरून दिलेला रंग किती दिवस टिकणार? म्हणून रंग विटेतच. सरांचं वाक्य मला तिथं, फुटपाथवर उभं असताना कळलं. तब्बल वीस वर्षांनी!

रग्बी शाळेचं प्रार्थनामंदिर त्याचंच, ऑक्सफर्डचं कीबल कॉलेजही. या पट्ट्यांची लोकांनी यथेच्छ टिंगल केली. यॉर्कशरमधल्या बाल्डर्सबी गावात तर चर्च, शाळा, पाद्रीबाबांचं घर आणि मजुरांची घरंसुद्धा त्यानंच बांधली. शाळेला त्यानं चर्चइतकंच मनावर घेतलं, हे मला फार आवडतं. औषधाच्या दुकानदाराचा हा मुलगा सोळाव्या वर्षी बिल्डरकडे उमेदवारीला लागला, जन्मभर अविवाहित राहिला. १८८४ साली वास्तुविशारदांच्या संस्थेनं सुवर्णपदक दिलं, तर ते घ्यायला गेला नाही. मेलबर्नच्या कॅथीड्रलचे नकाशे इंग्लंडमध्ये बसून केले. तिकडे कधी पाऊल टाकलं नाही.

महोत्सवासाठी आपल्या शाळेची रंगरंगोटी चालू आहे असं कळलं. समितीला एवढीच विनंती, की चित्रकलेच्या वर्गामागची उघड्या विटांची भिंत तेवढी सोडा.