एडिंबरा ते रत्नागिरी : एका बॅगेचा पाठपुरावा

एडिंबरामधली नोकरी आणि भाड्याचे घर सोडून मी गेल्या वर्षी मे महिन्यात कायमचा रत्नागिरीला परतलो. बरेचसे सामान आधीच जहाजाने रवाना केले होते. विमानात चढवायच्या दोन बॅगांमध्ये घरच्यांसाठी घेतलेल्या वस्तू आणि रोजच्या वापरातले कपडे एवढेच होते. तिकीट एकेरी, म्हणजे परतीचे नसलेले होते आणि प्रवास दोन विमान कंपन्यांचा होता. पहिलीने आखाती देशातल्या एका मोठ्या विमानतळापर्यंत आणायचे आणि तिथून दुसरीने मुंबईला पोहोचवायचे, अशी ती व्यवस्था होती. बॅगा एडिंबरालाच थेट मुंबईपर्यंत नोंदवल्या गेल्या आणि दोन्हींच्या पावत्यांच्या चिकटपट्ट्या बोर्डिंग पासच्या मागे लावून मिळाल्या. मोठ्या निळ्या बॅगेच्या चिकटपट्टीवर दहा आकडी टॅग क्रमांक होता आणि २२ किलो असे वजन छापलेले होते. पुढच्या सगळ्या पत्रव्यवहाराचा आधार ती दोन बोटांएवढी चिकटपट्टीच ठरली.

मुंबईला टी-२ टर्मिनलवर विमान दुपारी उतरले. सामानाच्या पट्ट्यावर माझी लहान बॅग लवकर आली. निळी बॅग मात्र पट्टा रिकामा होऊन थांबला तरी आली नाही. आजूबाजूला माझ्यासारखे आणखी काही प्रवासी उभे होते. त्यांतल्या दोघातिघांना पुढच्या गाड्या गाठायच्या होत्या, म्हणून ते 'घरी जाऊन ईमेल करू' असे म्हणत सीमाशुल्क तपासणीच्या हिरव्या मार्गिकेने बाहेर पडले. त्यांना थांबवायला हवे होते असे आजही वाटते, कारण बॅग न मिळाल्याची तक्रार त्या दालनातून बाहेर पडण्यापूर्वी नोंदवण्याला फार मोल आहे. सामान तक्रार न करता स्वीकारले की ते सुस्थितीत मिळाले असे कायदा गृहीत धरतो, आणि बाहेर पडलेल्या माणसाला आपली बॅग आलीच नव्हती हे नंतर सिद्ध करत बसावे लागते.

सामानाच्या खिडकीवर बसलेल्या मुलीने माझी चिकटपट्टी घेऊन टॅग क्रमांक संगणकात घातला. मग बॅगांच्या चित्रांचा एक तक्ता पुढे सरकवून तिने विचारले, "सर, यातली तुमची कुठली?" जगभरच्या विमानतळांवर हा तक्ता सारखाच असतो. बॅग उभी की आडवी, कापडी की कडक कवचाची, चाके आहेत का, रंग कोणता, या सगळ्यांना ठरावीक संकेत दिलेले असतात. अशा संकेतांमुळेच एका देशात हरवलेली बॅग दुसऱ्या देशातल्या कर्मचाऱ्याला भाषेच्या अडथळ्याविना ओळखता येते. तिने भरून दिलेल्या कागदाला 'प्रॉपर्टी इरेग्युलॅरिटी रिपोर्ट' म्हणतात. कर्मचारी त्याला नुसते पीआयआर म्हणतात. त्यावरचा क्रमांक दहा अक्षरांचा असतो : पहिली तीन अक्षरे विमानतळाची, म्हणजे मुंबईसाठी बीओएम, पुढची दोन विमान कंपनीची आणि शेवटचे पाच आकडे आपल्या प्रकरणाचे. हा क्रमांक वर्ल्डट्रेसर नावाच्या जागतिक शोधप्रणालीत जातो आणि तो टाकून प्रवाशाला स्वतःलाही शोध कुठवर आला ते पाहता येते.

त्या मुलीने एक गोष्ट आपणहून सांगितली, त्याबद्दल मी तिचा ऋणी आहे. बॅग मागाहून येणार असेल, तर आपली करमुक्त सवलत किती वापरायची उरली आहे ते विमान कंपनीच्या दाखल्यावर सीमाशुल्क अधिकाऱ्याकडून नोंदवून घ्यावे लागते. तसे केले की मागाहून आलेल्या सामानालाही ती सवलत मिळते. मी तो शिक्का घेतला, कुलुपाचा क्रमांक आणि पासपोर्टची प्रत दिली, रत्नागिरीचा पत्ता शेजारच्या देवळाच्या खुणेसकट लिहिला आणि रात्रीच्या कोकणकन्येने घरी गेलो.

त्यानंतरचे दिवस वाट पाहण्यात गेले. वर्ल्डट्रेसरवर एकच ओळ दिसत होती : शोध सुरू आहे. मधल्या काळात कंपनीने बॅगेतल्या वस्तूंची सविस्तर यादी मागवली. ही यादी पुष्कळांना नुसता सोपस्कार वाटते, पण तिचा उपयोग खरा आहे. टॅग फाटून गेलेली बॅग कुठल्यातरी विमानतळावर बेवारस पडते, तेव्हा ती उघडून आतल्या वस्तू त्याच प्रणालीत नोंदवतात आणि प्रवाशांनी दिलेल्या याद्यांशी त्या ताडून पाहतात. म्हणून 'कपडे, भेटवस्तू' असे मोघम लिहून भागत नाही. मी चामडी जॅकेटचा रंग, भाच्यासाठी घेतलेल्या फुटबॉलच्या बुटांचे माप, मावशीच्या लोकरी शालीवरच्या चौकड्या आणि बाबांच्या रक्तदाब मोजण्याच्या यंत्राचा उत्पादन क्रमांकसुद्धा लिहिला. ते यंत्र त्यांच्या डॉक्टरांशी बोलून, दंडाच्या घेराचे माप घेऊन निवडले होते, आणि बाबा रोज सकाळी त्याच्याबद्दल विचारत होते. हरवलेल्या बॅगेत कोणाची तरी गरज अडकलेली असते. खिडकीपलीकडच्या व्यवस्थेला ती दिसत नाही, याचे मला त्या दिवसांत फार वाईट वाटले.

शेवटी एका दुपारी कुरिअरची गाडी दारात आली. निळी बॅग वरकरणी ठीक दिसत होती आणि चेनही पूर्ण लागलेली होती. गाडीवरच्या मुलाने कागद पुढे करून म्हटले, "काका, इथं सही करा." मी बॅग उचलली आणि तिचे वजन हाताला वेगळे जाणवले. शेजारच्या आंबा बागायतदारांच्या अंगणात तेव्हा पेट्या भरण्याचे काम चालू होते. ते कुंपणापाशी येऊन म्हणाले, "अरे, आधी काट्यावर तर ठेव बघू, मग सही कर." पेट्यांसाठीच्या त्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर बॅग ठेवली, तेव्हा आकडा स्थिरावला १७.६ वर. एडिंबराला २२ किलो भरलेली बॅग रत्नागिरीला येईपर्यंत ४.४ किलोंनी हलकी झाली होती.

कुरिअरच्या मुलाचा यात काही दोष नव्हता आणि तो घाबरला होता, म्हणून त्याला पाणी देऊन बसवले. बॅग त्याच्यासमोरच उघडली, काट्यावरच्या आकड्यासकट फोटो काढले आणि पोचपावतीवर सहीच्या वरच्या जागेत लिहिले : 'बॅग मिळाली, वजन १७.६ किलो, आतील वस्तू गहाळ, तक्रार राखून सही करत आहे.' त्याच ओळीखाली त्याचीही सही घेतली. जॅकेट, बूट, शाल आणि रक्तदाबाचे यंत्र गेले होते. मूळ वेष्टनातल्या नव्या वस्तू नेमक्या निवडून नेल्या होत्या आणि वापरलेले कपडे पुन्हा दाबून भरलेले होते.

कुलूप शाबूत असताना हे कसे घडते, ते चेन नीट पाहिल्यावर समजले. कापडी बॅगेच्या चेनचे दात साध्या बॉलपेनचे टोक खुपसून उसवता येतात. हात घालून हवे ते काढले, की कुलूप लावलेले सरकते टोक चेनवरून पुढेमागे फिरवायचे. दात पुन्हा जुळतात आणि बॅग पूर्ववत दिसते. माझ्या बॅगेच्या चेनवर एका जागी दात किंचित वाकलेले होते आणि शिवणीपाशी निळ्या शाईचा ठिपका होता. त्याचा मी अगदी जवळून फोटो घेतला. ज्या बॅगेचे सरकते टोक बंद स्थितीत बाजूच्या कडीला जखडून ठेवता येते, किंवा जी चेनऐवजी कड्यांनी बंद होते, त्या बॅगेवर ही युक्ती चालत नाही. चोरी नेमकी कुठे झाली हे मात्र सांगता येत नाही. मोठ्या विमानांत बॅगा सहसा बंद कंटेनरमध्ये जातात, तर लहान विमानांच्या पोटात त्या माणसांनी एकेक करून रचलेल्या असतात. याशिवाय वर्गीकरणाचे पट्टे, ट्रॉल्या आणि बेवारस बॅगांची खोली आहेच. एवढ्या हातांतून गेलेल्या वस्तूचा चोर शोधणे प्रवाशाच्या आवाक्याबाहेरचे आहे. पण भरपाई मागण्यासाठी चोर सापडावा लागत नाही, आणि ही गोष्ट प्रत्येक प्रवाशाला ठाऊक असायला हवी असे मला तळमळीने वाटते.

आंतरराष्ट्रीय विमानप्रवासातल्या सामानाची जबाबदारी १९९९ च्या माँट्रियल कराराने ठरते. भारत त्यात २००९ मध्ये सामील झाला आणि १९७२ च्या कॅरेज बाय एअर अधिनियमात तो करार जोडला गेला. नोंदवलेले सामान कंपनीच्या ताब्यात असताना हरवले, नष्ट झाले किंवा त्याचे नुकसान झाले, तर कंपनी जबाबदार असते. तिची चूक होती हे प्रवाशाला दाखवावे लागत नाही. यातल्या मुदती कडक आहेत. नुकसानीची लेखी तक्रार सामान मिळाल्यापासून सात दिवसांत करावी लागते, विलंबाची एकवीस दिवसांत. आणि बॅग यायला हवी होती त्या तारखेपासून एकवीस दिवसांत आलीच नाही, तर ती हरवली असे धरून हक्क मागता येतो. न्यायालयात जाण्याची मुदत दोन वर्षांची आहे. पूर्वीच्या वॉर्सा करारात नोंदवलेल्या सामानाची भरपाई किलोच्या हिशेबाने होत असे. आता प्रत्येक प्रवाशामागे १,५१९ एसडीआर ही कमाल मर्यादा आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक आहे. २८ डिसेंबर २०२४ पूर्वी ही मर्यादा १,२८८ एसडीआर होती. रुपयांत आजची मर्यादा साधारण पावणेदोन ते दोन लाखांच्या दरम्यान जाते, परंतु ती आपोआप मिळणारी रक्कम नव्हे. नुकसान जेवढे सिद्ध होईल तेवढेच मिळते.

बॅग घरी आली त्याच संध्याकाळी मी दोन्ही कंपन्यांना ईमेल पाठवली. सोबत चिकटपट्टी, पीआयआर, काट्याचा फोटो, शेरा मारलेली पोचपावती आणि वस्तूंच्या बिलांच्या प्रती जोडल्या. जवळच्या पोलीस ठाण्यात अर्ज देऊन त्याची पोचही घेतली, कारण प्रवासविम्याच्या कंपनीला ती लागते. पहिले उत्तर मुंबईला आणणाऱ्या कंपनीचे आले ते असे की बॅग आधीच्या कंपनीकडून उशिरा मिळाली, सबब तिच्याकडे दाद मागावी. आधीच्या कंपनीने कळवले की शेवटचा टप्पा दुसरीचा होता, म्हणून दावा तिच्याकडे करावा. अशा टोलवाटोलवीत पुष्कळ लोक थकून जातात. याचे उत्तर त्याच कराराच्या कलम ३६ मध्ये आहे. एकापाठोपाठ एक अशा कंपन्यांनी सामान वाहिले असेल, तर प्रवासी पहिल्या कंपनीकडे, शेवटच्या कंपनीकडे आणि ज्या टप्प्यात नुकसान झाले त्या कंपनीकडेही दाद मागू शकतो, आणि या सर्वांची जबाबदारी संयुक्त असते. मी त्या कलमाचा मजकूर उद्धृत करून शेवटच्या कंपनीला लिहिले, की तुमच्या आपसांतल्या वाटणीशी माझा संबंध नाही. त्यानंतर पत्रांचा सूर बदलला.

विलंबाच्या काळात घेतलेल्या गरजेच्या वस्तूंचे पैसे पावत्यांवरून पहिल्यांदा मिळाले. बॅगेतल्या वस्तूंवर घासाघीस झाली. मौल्यवान आणि नाजूक वस्तूंची जबाबदारी आपल्या अटींनुसार आपण घेत नाही, असे म्हणून कंपनीने यंत्राचा दावा आधी फेटाळला. घरी वापरायचे वैद्यकीय उपकरण मौल्यवान वस्तूंच्या व्याख्येत कसे बसते, आणि कराराने घातलेली जबाबदारी कंपनीला स्वतःच्या अटींनी कमी करता येते का, असे दोन प्रश्न मी विचारले. प्रवाशाच्या नुकसानीच्या जबाबदारीतून सुटण्याची अट कलम २६ प्रमाणे निरर्थक ठरते, हेही सोबत लिहिले. यंत्र, बूट आणि जॅकेट यांची बिलाप्रमाणे रक्कम जमा झाली. बाबांसाठी तसलेच यंत्र रत्नागिरीच्या बाजारात मिळाले, आणि ते आता रोज सकाळी वहीत आकडे लिहितात.

शालीचा वाद अजून मिटलेला नाही. ती एडिंबराच्या एका छोट्या दुकानातून रोखीने घेतलेली होती. तिचे बिल शालीबरोबर बॅगेतच होते आणि शालीबरोबरच गेले. मावशीसाठी ती खास विणून घेतली होती, त्यामुळे मला तो दावा सोडायचा नाही. दुकानदार बाईंनी विक्रीच्या वहीतल्या नोंदीचा फोटो आणि सहीचे पत्र पाठवले आहे. कंपनीने तेही अपुरे म्हटले, म्हणून मी नागरी उड्डाण मंत्रालयाच्या एअरसेवा या तक्रार पोर्टलवर प्रकरण नोंदवले आहे. तिथे काही झाले नाही, तर ग्राहक आयोगाचा मार्ग आहे. माझे तिकीट एकेरी असल्याने प्रवासाचे गंतव्यस्थान भारतच होते, आणि कराराच्या कलम ३३ नुसार गंतव्यस्थानाच्या न्यायालयात दावा करता येतो. परतीचे तिकीट असते तर गंतव्यस्थान एडिंबराच धरले गेले असते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदाराला आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करण्याची मुभा दिली आहे, आणि मोबदल्याची रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर शुल्कही नाही. तक्रारीचा मसुदा वकिलांनी पाहून दिला आहे. दोन वर्षांची मुदत पुढच्या वर्षी मे महिन्यात संपते, त्याच्या बऱ्याच आधी तो दाखल होईल.