आठ कोंबड्या, दिवसाला अडीच अंडी: परसातली नोंद

मालवणजवळच्या आमच्या परसात सध्या चार गावठी आणि चार ग्रामप्रिया या संकरित जातीच्या कोंबड्या आहेत. आठ कोंबड्यांची रोज सात-आठ अंडी मिळत असतील, असे येणारा-जाणारा सहज गृहीत धरतो; परंतु अंड्यांचा हिशेब दिवसावर न मांडता वर्षावर मांडला, तरच अपेक्षा जमिनीवर राहते. गावठी कोंबडी बारा-पंधरा अंडी घालून खुडूक होते, म्हणजे अंडी घालणे थांबवून उबवायला बसते, आणि पिल्ले काढली तर ती मोठी होईपर्यंत अंड्यावर येत नाही, त्यामुळे तिची वर्षाची अंडी साधारण ५० ते ६० भरतात. ग्रामप्रिया खुडूक क्वचितच होते आणि परसात वर्षाला १६० ते १८० अंडी देऊ शकते. दोन्ही मिळून बेरीज ८४० ते ९६० होते, म्हणजे दिवसाला जेमतेम अडीच.

तीही वर्षभर सारखी मिळत नाहीत. भरपूर अंड्यांसाठी कोंबडीला चौदा तासांच्या वर उजेड लागतो, आणि आपल्याकडे डिसेंबरातला दिवस अकरा तासांच्या आसपासच असतो. म्हणून दिवाळीनंतर खुराड्यात पहाटे एक साधा बल्ब लावतो. सध्या दोघींची पिसे झडत आहेत. नवी पिसे येईपर्यंत त्यांच्याकडून अंड्याची आशा नाही. कोण अंड्यावर आहे हे पाहण्यासाठी कोंबडी काखेत धरून शेपटीखालची दोन हाडे चाचपावीत: मध्ये दोन-तीन बोटे मावली आणि तुरा लालभडक, तजेलदार असला, तर ती घालते आहे. बोटही शिरत नसेल, तर ती नुसतीच दाणे खाते आहे.

मे महिन्यातल्या उकाड्यात धापा टाकणाऱ्या कोंबड्यांच्या अंड्यांचे कवच पातळ होते, कधी नुसत्या पापुद्र्याचे अंडेही हाती येते. त्यावर उपाय म्हणून तिसऱ्यांच्या शिंपल्या वाळवून, जाडसर कुटून वेगळ्या करवंटीत ठेवतो. कोंबड्या गरजेपुरत्या टिपतात. खाद्यात कालवल्या, तर अंड्यावर नसलेल्यांच्याही पोटात विनाकारण जातात. नुसत्या कणी-कोंड्यावर ग्रामप्रियाचे भागत नाही, तिला लेयरचे, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांसाठीचे, खाद्य हवेच.

ग्रामप्रिया संकरित असल्याने घरी उबवलेल्या तिच्या पिल्लांकडून तेवढ्याच अंड्यांची खात्री देता येत नाही. त्यामुळे पुढच्या वेळी एक दिवसाची पिल्ले विकत आणून, काळोख पडल्यावर, खुडूक बसलेल्या गावठीच्या पोटाखाली सरकवण्याचा बेत आहे.