करंट एकच, ओढ दोन दिशांना
गेला आठवडाभर मी एकाच आलेखाकडे बघत बसले होते. १५५० नॅनोमीटरचा डीएफबी लेझर (एकाच शुद्ध रंगाचा प्रकाश देणारी अर्धवाहक चिप) आणि त्याच्या बायस करंटवर, म्हणजे त्याला चालवणाऱ्या स्थिर करंटवर, चढवलेली छोटीशी साइन लहर. ही लहर जलद करत नेली की प्रकाशाची वारंवारता किती डोलते, एवढंच मोजायचं होतं. सुरुवातीला डोलणं भरपूर होतं, एका मिलीअँपला जवळपास एक गिगाहर्ट्‌झ. मग लहर जलद होत गेली तसं ते उतरत गेलं आणि काही शे किलोहर्ट्‌झपाशी आलेख थेट खड्ड्यात पडला. त्यापलीकडे पुन्हा वर. मला वाटलं, कनेक्टर सैल असणार. सगळे काढून पुसले, परत लावले, फोटोडायोडही बदलून पाहिला. खड्डा तिथेच.

उलगडा झाला तो फेज, म्हणजे करंटच्या लहरीपेक्षा वारंवारतेचं डोलणं किती मागेपुढे आहे ते, बघितल्यावर. खड्ड्याच्या अलीकडे करंट वाढला की वारंवारता कमी होत होती, पलीकडे करंट वाढला की वारंवारताही वाढत होती. म्हणजे तिथे दोन परिणाम एकमेकांना खाऊन टाकत होते. करंट वाढला की चिप तापते, अपवर्तनांक वाढतो, वारंवारता खाली येते. पण त्याच करंटने चिपमध्ये वाहकही (विद्युतभार वाहणारे कण) वाढतात, त्यांनी अपवर्तनांक कमी होतो आणि वारंवारता वर जाते. उष्णता आळशी आहे, वाहक चपळ. सावकाश बदलात उष्णतेचं राज्य, जलद बदलात वाहकांचं, आणि मध्ये कुठेतरी बरोबरी. हे मी पुस्तकात कितीदा वाचलं होतं! पण स्वतःच्या मोजणीत ती फेज उलटताना बघितली तेव्हा कुठे ते खरं वाटलं.

संदेशवहनवाल्यांना या उलटण्याने फार छळलं आहे. १९८० च्या दशकात कोहेरंट पद्धतीने (येणारा प्रकाश दुसऱ्या लेझरच्या प्रकाशात मिसळून वाचायचा) एक आणि शून्य दोन वेगळ्या वारंवारतांवर पाठवायचे प्रयोग जोरात होते. एकामागून एक सारखेच बिट आले की चिपला तापायला वेळ मिळे, आणि वाहकांनी वर नेलेली वारंवारता उष्णता हळूहळू खाली ओढे. बिट एकच, पण त्याची जागा सरकलेली. म्हणून सारख्या बिटांच्या लांब रांगा टाळणारे कोड वापरले गेले, अनेक इलेक्ट्रोडचे लेझर बनवले गेले. १९८७ च्या सुमारास क्षीण प्रकाश फायबरमध्येच थेट वाढवणारे एर्बियमचे फायबर अँप्लिफायर आले आणि कोहेरंट पद्धत बराच काळ मागे पडली.

माझं काम मात्र अंतर मोजण्याचं आहे, आणि माझा जीव अडकलाय तो इथे. करंटचा त्रिकोणी रॅम्प (एकसारखा चढ-उतार) द्यायचा, वारंवारता एका मिलिसेकंदात ५ गिगाहर्ट्‌झ सरकवायची. ३ मीटरवरच्या भिंतीवरून प्रकाश २० नॅनोसेकंदांनी परत येतो. तेवढ्यात लेझर १०० किलोहर्ट्‌झ पुढे गेलेला असतो. जुना आणि नवा प्रकाश एकत्र केला की तेवढाच बीट, म्हणजे दोघांच्या वारंवारतांमधल्या फरकाची लहर, मिळतो. अंतर दुप्पट, बीट दुप्पट. इतकी देखणी मोजणी मला दुसरी माहीत नाही.

फक्त वारंवारता सरळ रेषेत सरकली पाहिजे, आणि ती सरकत नाही. १० मीटर जास्तीच्या फायबरचा इंटरफेरोमीटर (प्रकाश दोन वाटांनी नेऊन पुन्हा मिसळणारी मांडणी) लावला की स्कोपवर ते उघड दिसतं. प्रकाश उजळ-मंद होत पट्टे उमटतात; एक पट्टा म्हणजे वारंवारतेचं सरकणं साधारण २० मेगाहर्ट्‌झ. त्रिकोणाचं टोक ओलांडलं की पट्टे आधी विरळ, ऐसपैस, मग दाटत दाटत जातात, कारण उष्णता नव्या दिशेला वळायला वेळ घेते. करंट सरळ चढतोय आणि प्रकाश वाकलाय.

उपाय म्हणजे करंटच उलटा वाकवायचा. पट्ट्यांवरून फेज काढायची, सरळ रेषेपासून ती किती ढळली ते बघायचं, तेवढी दुरुस्ती रॅम्पमध्ये मिसळायची आणि पुन्हा मोजायचं. एकदम पूर्ण दुरुस्ती लावली तर गोष्ट बिघडते, निम्मी-निम्मी लावावी. काल पाचव्या फेरीला पट्टे एकसारखे झाले, कंगव्याच्या दातांसारखे. बीटचा पसरट डोंगर आवळून एका सुळक्यावर आला. मी उठून खोलीतला दिवा बंद केला आणि नुसती स्क्रीनकडे बघत राहिले.

टोकाजवळचे पट्टे अजून मानत नाहीत. तेवढा तुकडा सध्या मी मोजणीतून वगळते आहे. आता चिपचं तापमान दोन अंशांनी बदलून तीच दुरुस्ती टिकते का ते बघणार आहे.