पिवळी पट्टी

आज सकाळपासून सात वेळा पोर्टल उघडलं. मोजलंय, कारण कालच ठरवलेलं की दिवसातून दोनदाच बघायचं, एकदा उठल्यावर आणि एकदा झोपताना, आणि तो नियम दहा वाजायच्या आतच मोडला. पान उघडतं, वर माझं नाव, खाली अर्ज क्रमांक, त्याच्या खाली पिवळी पट्टी आणि त्यात तेच ते, 'अर्ज विचाराधीन आहे'. पहिल्या आठवड्यात मला ते वाचून बरं वाटायचं, म्हणजे कुणीतरी खुर्चीत बसून माझा फॉर्म हातात धरून विचार करतंय असं डोळ्यासमोर यायचं. आता वाटतं तिथे कुणीच बसलेलं नाहीये, नुसती पट्टी आहे.

तर नर्सिंगला तीन ठिकाणी अर्ज केलाय, आणि हा दुसरा प्रयत्न आहे. गेल्या वर्षी एका ठिकाणी सरळ नकार आला, तो बरा, दोन दिवस रडले आणि विषय संपला. दुसरीकडे वेटिंग लिस्टवर १४ वा नंबर होता. आता वेटिंग लिस्ट म्हणजे काय हे त्यातून गेल्याशिवाय कळत नाही. ती रोज थोडी थोडी सरकत नाही. ज्यांना दोन-तीन ठिकाणी लागलंय ते सगळीकडच्या सीटा धरून बसतात (मीही बसले असते, उगाच साधुपणा कशाला), मग फी भरायची शेवटची तारीख येते आणि त्या दोन दिवसांत यादी एकदम पळते, मग परत ठप्प, आणि वर्ग सुरू व्हायच्या आठवड्यात शेवटची एक उडी. माझ्या पुढच्या नऊ जणांना बोलावलं आणि यादी बंद झाली. नवव्या नंबरच्या मुलीबद्दल मी वर्षभर विचार केलाय, तिला माहीतही नसेल.

यंदा परीक्षा बरी गेली. निबंध, म्हणजे ते 'तुम्हाला नर्स का व्हायचंय' वालं पान, मी अकरा वेळा लिहिलं आणि शेवटी पहिलंच पाठवलं. घोळ झाला तो इंटरव्ह्यूत. समोर तिघं होती, त्यातल्या सगळ्यात कमी बोलणाऱ्या मॅडमनी विचारलं, समजा तुम्ही वॉर्डात आहात, एक पेशंट दुखतंय म्हणून जोरजोरात ओरडतोय, आणि दुसरा मघाशी कण्हत होता तो अचानक गप्प झालाय, आधी कुणाकडे जाल? मी क्षणाचाही विचार न करता म्हटलं, ओरडतोय त्याच्याकडे, आणि वर हातवारे करून समजावलं पण, की त्रास होतोय माणसाला वगैरे. मॅडम फक्त 'बरं' म्हणाल्या आणि काहीतरी लिहिलं.

जिन्यावर आले आणि डोक्यात लख्ख प्रकाश. जो ओरडतोय त्याचा श्वास चाललाय, म्हणून तर ओरडतोय! कण्हणारा अचानक गप्प झाला म्हणजे आधी तिकडे धावायचं, तो शुद्धीवर आहे का, श्वास घेतोय का ते बघायचं, ओरडणारा दोन मिनिटं ओरडू शकतो. हे मला माहीत होतं हो, वाचलेलं, पण तोंडातून दुसरंच गेलं. तेव्हापासून रोज आंघोळ करताना मी त्या मॅडमना बरोबर उत्तर देते. एकेक दिवस तर इतकं छान देते की त्या जागच्या जागी ॲडमिशन देऊन टाकतात. बाकी गप्प झालेल्याकडे आधी जायचं असेल, तर माझं पोर्टल पाच आठवडे गप्प आहे, सात वेळा जाऊन बघितलं तर काय चुकलं.

आता त्या प्रश्नाबद्दल ज्याच्यासाठी खरं तर लिहायला बसले. नातेवाईक, जुन्या ऑफिसातले, शेजारच्या काकू, सगळे एकच म्हणतात, अगं नर्सेसची तर जगभर केवढी टंचाई आहे, मग तुला कसं मिळेना? आणि त्या 'तुला'वर जरासा जोर असतो, म्हणजे माझ्यातच काहीतरी कमी असणार.

टंचाई आहे, खोटं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालात जगात साधारण २ कोटी ९८ लाख नर्स आहेत आणि अजून ५८ लाख कमी पडतायत असं दिलंय. मी तो आकडा वाचला आणि पहिल्यांदा मलाही राग आला, ५८ लाख जागा रिकाम्या आणि मला एक बाकडं मिळत नाही? पण मग आजीच्या वेळचं आठवलं.

आजी ॲडमिट होती तेव्हा दुपारची मीच असायचे तिच्याजवळ. एक दिवस सलाईनची सुई बदलायची होती. एक स्टुडंट आली, माझ्यापेक्षा लहानच असेल, आणि तिच्या मागे तिची ट्यूटर. स्टुडंटने आजीला नाव विचारलं, हातातल्या पट्ट्यावरचं नाव वाचून ताडून पाहिलं, दंडाला पट्टा आवळला, बोटाने शीर चाचपली. म्हाताऱ्या माणसांच्या शिरा दिसतात पण सुई टोचली की सटकतात. तिने हात पुढे नेला, थांबली. परत चाचपली. मी ट्यूटरकडे बघत होते. त्या बाई एक शब्द बोलल्या नाहीत, दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत अडकवून उभ्या होत्या, आणि डाव्या हाताचा अंगठा उजव्या हाताने इतका घट्ट दाबून धरलेला की नख पांढरं पडलेलं. म्हणजे स्वतः केलं असतं तर वीस सेकंदात झालं असतं, पण करायचं नाही म्हणून स्वतःचेच हात धरून ठेवलेले. मुलीने खालची कातडी अंगठ्याने ताणून धरली, सुई गेली, रक्त मागे दिसलं. ट्यूटर फक्त 'पट्टा' म्हणाल्या. मुलगी पट्टा सोडायला विसरलेली.

एका सुईला दोन माणसं, एक पेशंट आणि पंधरा मिनिटं. आणि त्या ट्यूटरच्या त्या वॉर्डात अजून सात-आठ मुली होत्या, प्रत्येकीच्या मागे अशाच हात बांधून उभ्या राहणार होत्या त्या. म्हणून सीटा थोड्या असतात. वर्गात अजून वीस बाकडी टाकता येतील, एका प्रोजेक्टरवर दोनशे जणांना हाडांची नावं शिकवता येतील, पण एका ट्यूटरच्या मागे वॉर्डात किती मुली नीट सांभाळल्या जातील याला हद्द आहे, हॉस्पिटलात खाटा तेवढ्याच, त्याच खाटांवर दुसऱ्या कॉलेजच्या मुली पण येणार, आणि शिकवणारी माणसं तर आधीच कमी, कारण शिकवायला येणार कुठून, त्याच टंचाईवाल्या नर्सेसमधून ना. म्हणजे नर्स कमी म्हणून शिकवणाऱ्या कमी, शिकवणाऱ्या कमी म्हणून सीटा कमी, सीटा कमी म्हणून नर्स कमी. हे काकूंना जिन्यात उभ्या उभ्या सांगता येत नाही. मी म्हणते, 'बघू, येईल' आणि वर येते.

हे कळल्यावर राग गेला असं नाही, फक्त त्याची दिशा बदलली. खोलीतली एक खुर्ची मिळायची वाट बघतेय असं आता वाटत नाही, कुणीतरी माझ्या मागे हात बांधून उभं राहावं त्याची वाट बघतेय. आणि एक तक्रार मात्र आहेच, कळवा ना लवकर. नाही असेल तर नाही म्हणा. ईमेलला उत्तर आलं की 'प्रक्रिया सुरू आहे', त्यावर विचारलं कधीपर्यंत, तर परत 'प्रक्रिया सुरू आहे'. पेशंटच्या नातेवाइकांशी असं बोलायला शिकवणार असतील तर अवघड आहे.

मधल्या काळात काय करते? रिकामी नाहीये. हेपेटायटिस बीचे डोस सुरू केलेत. वॉर्डात पाठवायच्या आधी बहुतेक ठिकाणी लागतातच, आणि नेहमीचं वेळापत्रक असं की पहिला डोस, एका महिन्याने दुसरा आणि पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा, त्यानंतर महिना-दोन महिन्यांनी रक्त तपासून अँटिबॉडी १० च्या वर आल्यात का बघतात. म्हणजे सीट लागल्यावर धावपळ केली तरी शरीर काही घाई करत नाही. तेव्हा ज्यांनी अर्ज केलेत त्यांनी आत्ताच सुरू करा, सीट मिळो न मिळो लस वाया जात नाही. माझे दोन झालेत. कार्डावर तिसऱ्याची तारीख लिहून दिलीये, पुढच्या महिन्याची २३. सध्या माझ्या आयुष्यातली ही एकमेव पक्की तारीख.

रात्री झोप लागत नाही म्हणून वाचत बसते. फ्लॉरेन्स नाइटिंगेलचं आपल्याला कंदील तेवढा माहीत असतो. तिला हे काम करायची ओढ लागली १८३७ मध्ये, वय १६, आणि प्रत्यक्ष प्रशिक्षणाला जर्मनीत कैसरस्वर्थला गेली १८५१ मध्ये. चौदा वर्षं! घरचे नाही म्हणत होते, चांगल्या घरातल्या मुलीने हॉस्पिटलात काम करायचं म्हणजे तेव्हा भलतंच. आणि तिथे राहिली किती, जेमतेम तीन महिने. मग १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात स्वतःच्या नावाची शाळा काढली. दुसरी मेरी सीकोल, जमैकाची, १८५४ मध्ये लंडनला येऊन क्रिमियाच्या युद्धावर नर्स म्हणून पाठवा म्हणत दारोदार फिरली, सगळीकडून नकार, तर स्वतःच्या खर्चाने गेली आणि बालाक्लाव्हाजवळ सैनिकांसाठी जागा उभी केली. मला मेरीबाई जास्त आवडल्या. पण आज असं स्वखर्चाने जाऊन कुणाला सुई टोचली तर पोलीस येतील, तेव्हा पोर्टलच बरं.

आणि प्रॅक्टिस करते आईवर. बीपी, नाडी, सगळं. नाडी अंगठ्याने बघायची नाही, अंगठ्याला स्वतःचेच ठोके असतात, तर्जनी आणि मधलं बोट मनगटावर अंगठ्याच्या बाजूला ठेवायचं, फार दाबलं तर नाडी हरवते. तीस सेकंद मोजून दुप्पट करतात, पण ठोके मागेपुढे वाटले तर पूर्ण मिनिट. हे जमायला लागलंय. गंमत आहे ती श्वासात. 'मी तुझे श्वास मोजतेय' असं सांगितलं की माणूस लगेच वेगळा श्वास घ्यायला लागतो, कुणी ओढून ओढून, कुणी रोखून. म्हणून सांगायचंच नाही. नाडी मोजून झाली तरी मनगट तसंच धरून ठेवायचं, डोळे घड्याळावर असल्यासारखे, आणि हळूच छातीची वर-खाली बघायची.

मघाशी पोर्टल आठव्यांदा बंद करून आईजवळ जाऊन बसले, काही न बोलता तिचा हात घेतला. तिने पण काही विचारलं नाही, टीव्हीकडे बघत राहिली. नाडी ७६. मग मनगट सोडलं नाही, पदराची कड वर-खाली होत होती ती मोजत बसले. मिनिटाला १६ आले, नॉर्मल.

'किती?' आई म्हणाली.

'७६.'

'ते नाही गं. श्वास किती आले?'

म्हटलं, तुला कसं कळलं?

'तू मोजायला लागलीस की तुझाच थांबतो,' ती म्हणाली, आणि टीव्हीचा आवाज वाढवला.