रणदिवे तुमचे कोण लागतात?

दादाच्या गॅरेजमध्ये फ्रीजच्या बाजूला एक खिळा आहे आणि त्या खिळ्यावर एक हिरवी-पिवळी टोपी. वहिनीने ती दोनदा टाकून द्यायला काढली, दोन्ही वेळा ती आपोआप खिळ्यावर परत आली. टोपीवर 'सॉनिक्स' लिहिलंय. सिअ‍ॅटलची ही बास्केटबॉल टीम 2008 मध्ये ओक्लाहोमा सिटीला गेली, तिथे तिचं बारसं होऊन ती 'थंडर' झाली.

मी 2025 च्या जुलैत सिअ‍ॅटलला दादाकडे पोचलो तेव्हा थंडरला एनबीएचं, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचं, विजेतेपद मिळून जेमतेम दोन आठवडे झाले होते. वहिनीने एअरपोर्टवरून घरी येतानाच बजावलं, "विषय काढू नका हं भावजी. फायनलची सातवी मॅच चालू होती तेव्हा हे बाहेर गवत कापत होते. कापलेलंच परत कापत होते."

विषय अर्थात दुसऱ्याच दिवशी निघाला, आणि तोही दादानेच काढला.

वेस्टलेकहून मोनोरेल पकडली. दोनेक मिनिटांचा प्रवास, पण 1962 च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेली ही गाडी अजून धावते याचंच मला अप्रूप. उतरलं की समोर स्पेस नीडल हा उंच मनोरा. सगळे पर्यटक माना वर करून तिकडे वळले. दादा मला उलट्या दिशेने, एका मोठ्या उतरत्या छपराकडे घेऊन गेला. तेही त्याच प्रदर्शनातलं. सॉनिक्स त्याखाली खेळायचे, तेव्हा त्याला की अरीना म्हणत. आता नाव क्लायमेट प्लेज अरीना. आतलं सगळं पाडून नवं केलं, खाली खोल खणलं, पण छप्पर वारसा म्हणून जपायचं होतं. म्हणून ते जवळजवळ 20 हजार टनांचं धूड तात्पुरत्या आधारांवर तोलून धरलं आणि त्याच्याखाली नवं स्टेडियम बांधलं. 2021 मध्ये ते उघडलं. इतकी उस्तवार करून आत आइस हॉकी चालते आणि महिलांची बास्केटबॉल टीम 'स्टॉर्म' खेळते. स्टॉर्मही सॉनिक्सबरोबरच विकली गेली होती, पण 2008 मध्ये सिअ‍ॅटलच्याच काही बायकांनी पैसे घालून ती विकत घेतली आणि गावात ठेवली. दादा हे सांगताना दरवेळी जरा ताठ होतो, जणू यानेच चेक फाडला होता.

बाहेर लेनी विल्किन्स यांचा पुतळा होता, अगदी नवाकोरा, आठ-दहा दिवसांपूर्वीच बसवलेला. सॉनिक्सने 1979 मध्ये एकदाच विजेतेपद मिळवलं, तेव्हाचे हे कोच. दादा 1996 च्या शेवटी नोकरीसाठी सिअ‍ॅटलजवळच्या रेडमंडला आला, म्हणजे ते विजेतेपद त्याने पाहिलेलं नाही. पण त्याच वर्षी जूनमध्ये सॉनिक्स शिकागो बुल्सकडून फायनल हरले होते आणि ऑफिसात ते सुतक अजून चालू होतं. सहकाऱ्यांनी याला मॅचला नेलं. गॅरी पेटन, शॉन केम्प हे तेव्हाचे खेळाडू. कॉलेजात बास्केटबॉल खेळलेला माणूस तो, तिथेच अडकला. थंडीच्या दिवसांत चार-साडेचारला अंधार पडणाऱ्या त्या गावात हे एकच ठिकाण होतं जिथे अनोळखी माणसं त्याच्या पाठीवर थाप मारायची.

मग टीम गेली कशी? हे त्याने मला पुतळ्याशेजारच्या कट्ट्यावर बसून सांगितलं. टीमचे मालक होते स्टारबक्सचे हॉवर्ड शुल्झ आणि त्यांचे भागीदार. त्यांना स्टेडियमसाठी सरकारी पैसा हवा होता. तो मिळेना, तेव्हा 2006 मध्ये त्यांनी टीम 35 कोटी डॉलरना क्ले बेनेट यांच्या ओक्लाहोमातल्या गटाला विकली. नव्या मालकांनी जवळच्या रेंटन गावात 50 कोटींचं स्टेडियम मागितलं, बराचसा खर्च जनतेने करायचा. राज्याच्या विधिमंडळाने नाही म्हटलं. त्याआधीच सिअ‍ॅटलच्या मतदारांनी, चारातल्या जवळजवळ तिघांनी, ठरवून टाकलं होतं की शहराला नफा मिळणार नसेल तर असल्या स्टेडियमात शहराचा पैसा घालायचा नाही. पुढे 2007 मध्ये नव्या मालकांपैकी एकजण वर्तमानपत्राजवळ बोलून गेला की आम्ही टीम सिअ‍ॅटलला ठेवायला घेतलेलीच नाही. त्याला लीगने अडीच लाख डॉलर दंड केला. दंड भरला, टीम नेली.

भाडेकरार 2010 पर्यंत होता म्हणून शहराने खटला भरला. निकाल लागायचा त्याच दिवशी तडजोड झाली: शहराला साडेचार कोटी डॉलर, आणि नाव अन् रंग सिअ‍ॅटलकडे. मला एकदम गावचा देव आठवला, मूर्ती गेली आणि पालखी तेवढी राहिली. बोललो नाही.

"मला तेव्हा मत नव्हतं," दादा म्हणाला. "असतं तर मीही पैसे देऊ नका म्हणूनच दिलं असतं. तेच तर डोक्यात जातं."

बोइंगच्या स्वनातीत (सुपरसॉनिक) विमानावरून सॉनिक्स हे नाव पडलं होतं. ते विमान 1971 मध्ये रद्द झालं, बांधलंच नाही. यावर दादाचा ठरलेला विनोद: विमान उडालं नाही, टीम उडाली. वहिनी म्हणते, हा त्यांनी मला लग्नानंतर जेवढ्या वेळा सांगितला तेवढ्या वेळा आय लव्ह यू म्हटलं नाही.

आता आमच्या प्रवासाचं. मला अमेरिकेत एकदा लांब पल्ल्याच्या रेल्वेत बसायचंच होतं. कोस्ट स्टारलाइट सिअ‍ॅटलहून सकाळी निघते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोला पोचते. मी गाव सुचवलं तसा दादा गप्प झाला. मग म्हणाला, "चल. बघू तरी, कोणी आपल्याला टांग मारली ते."

कारण 2013 ची गोष्ट. सॅक्रामेंटो किंग्ज ही टीम विकत घेऊन सिअ‍ॅटलला आणायचा घाट ख्रिस हॅन्सन नावाच्या गुंतवणूकदाराने घातला होता. सौदा ठरल्यात जमा होता. दादाने टोपी धुऊन वाळत घातली. तेवढ्यात सॅक्रामेंटोचा महापौर केव्हिन जॉन्सन, जो स्वतः एनबीए खेळलेला, त्याने दुसरे खरेदीदार उभे केले. त्यांचे पुढारी मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे. मेमध्ये लीगमधल्या टीममालकांनी 22 विरुद्ध 8 मतांनी टीम हलवायला नकार दिला.

"दुसऱ्या दिवशी ऑफिसात अख्खी टीम माझ्या टेबलाशी. रणदिवे तुझे कोण लागतात? मी म्हटलं, अरे बाबांनो, आम्ही कुलकर्णी! त्यांना काय फरक कळणार?"

गाडी किंग स्ट्रीट स्टेशनवरून सुटली की लगेच उजवीकडे मोठी स्टेडियमं लागतात आणि पुढे गोदामांचा पट्टा. दादाने काचेला बोट लावलं. हॅन्सनचं स्टेडियम या भागात व्हायचं होतं. 2016 मध्ये त्यासाठी एक रस्ता द्यायचा की नाही यावर नगर परिषदेत मतदान झालं आणि 5 विरुद्ध 4 मतांनी तेही बारगळलं. मी गोदामांचे पत्रे बघत राहिलो. टॅकोमा मागे पडलं, आणि मग आम्ही दोघंही बास्केटबॉल विसरलो. डब्यातून वहिनीच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी निघाली. समोरच्या बाईंनी चटणी चाखून पाणी मागितलं. संध्याकाळी ओरेगनच्या डोंगरात झाडांशिवाय काही दिसत नव्हतं, आणि साडेआठ वाजले तरी ऊन. झोप खुर्चीतच, म्हणजे झालीच नाही.

सॅक्रामेंटोचं स्टेशन जुनं, उंच छताचं, सुंदर. तिथून किंग्जचं स्टेडियम, गोल्डन वन सेंटर, चालत दहा-बारा मिनिटांवर. आधी इथे एक मॉल होता, त्याचा मोठा भाग पाडून 2016 मध्ये हे उघडलं. शहराने साधारण 25 कोटी डॉलर घातले, मुख्यतः पार्किंगच्या उत्पन्नावर कर्ज काढून. सिअ‍ॅटलने जे नाकारलं ते इथे दिलं, म्हणून टीम राहिली. मला विचाराल तर हा खंडणीचाच सभ्य प्रकार आहे. पण त्या चौकात सकाळी आठला किंग्जचे जांभळे टी-शर्ट घालून कुत्री फिरवणारी माणसं बघितल्यावर मी हे मोठ्याने बोललो नाही.

जवळच एका छोट्या दुकानात शिरलो. काउंटरवर साठीचा गृहस्थ. त्याची नजर थेट दादाच्या टोपीवर. हो, ती घालून आला होता, मुद्दाम.

"2013 मध्ये ही टोपी दिसली की माझं डोकं फिरायचं," तो म्हणाला.

"मला तुमच्या घंटांचं तसंच व्हायचं," दादा म्हणाला.

घंटा म्हणजे गायीच्या गळ्यातल्या. लॉस एंजेलिस लेकर्सच्या फिल जॅक्सन या कोचने या गावाला गायींचं गाव म्हणून हिणवलं, तर लोक घंटा घेऊनच मॅचला यायला लागले. त्याने काउंटरखालून आपली काढून दाखवली. पत्र्याची, चौकोनी, जांभळा रंग कडांना उडालेला, मुठीच्या जागी इन्सुलेशन टेप गुंडाळलेली. आपल्या पोळ्याच्या बैलाला शोभली असती. वाजवली तर आवाज मात्र कर्कश.

मग दोघांची जी गट्टी जमली! 2018 मध्ये जुन्या की अरीनातली शेवटची मॅच वॉरियर्स ही दुसरी टीम आणि किंग्ज यांच्यातच झाली होती. दादा तिथे होता. केव्हिन ड्युरंट हा सॉनिक्सचा शेवटच्या हंगामातला नवखा पोरगा, तो आता वॉरियर्सकडून खेळत होता आणि शॉन केम्पची जर्सी घालून मैदानात आला. "अख्खं स्टेडियम रडत होतं," दादा म्हणाला. वहिनीच्या मते अख्ख्या स्टेडियमचं माहीत नाही. दुकानदार म्हणाला, आमचं तर टीम राहूनही रडणंच चाललं होतं. किंग्ज सलग 16 हंगाम प्लेऑफला, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांना, पोचले नव्हते, त्यातले नऊ नव्या मालकांच्या काळातले. 2023 मध्ये एकदाचे पोचले. आता जिंकले की स्टेडियमच्या छतावरून जांभळा लेझर आकाशात सोडतात.

"आणि खरं सांगू?" तो टोपीकडे बघत म्हणाला. "ही टीमसुद्धा आम्ही 1985 मध्ये कॅन्सस सिटीहून आणलेली. तिकडचं कोणी दुकानात आलं तर मी घंटा लपवतो."

पैसे देताना त्याने विचारलं, "तुम्ही मुंबईकडचे का? मग रणदिवे तुमचे..."

दादा दुकानाबाहेर पडला होता. मीच एक घंटा विकत घेतली, पुण्याला न्यायला. परतीच्या विमानात ती बॅगेत खणखणायला लागली, तेव्हा दादाने माझी बॅग खाली काढली, स्वतःचा एक मोजा घंटेत कोंबला आणि म्हणाला, "घरी गेल्यावर हिला काही सांगू नकोस."