मेणबत्त्या गेल्या, लाइटस्टिक आल्या

सुट्टी होती, त्यामुळे आज दुपारभर भाचीबरोबर आंदोलनांचे जुने व्हिडिओ बघत लोळले. डिसेंबर २०२४, सोल. मार्शल लॉ लावणाऱ्या राष्ट्राध्यक्षांना हटवा म्हणत संसदेसमोर तुडुंब गर्दी, आणि हातात के-पॉपच्या कार्यक्रमांत हलवतात त्या लाइटस्टिक! "मावशी, ती पोपटी दिसते ना, ती एनसीटी बँडची," भाची म्हणाली. मी घोषणा ऐकतेय, ही फॅनक्लब मोजतेय. गर्दी गात होती ते गाणं गर्ल्स जनरेशन या के-पॉप गटाचं, २००७ मधलं. २०१६ मध्ये सोलच्याच इव्हा विद्यापीठाच्या मुली पोलिसांसमोर हेच गात बसल्या होत्या, तेव्हापासून ते मोर्चाचंच झालं. गाणं लिहिणाऱ्यांच्या हे ध्यानीमनीही नसणार.

थायलंडची गंमत वेगळी. २०१४ च्या लष्करी उठावानंतर लोकांनी 'हंगर गेम्स'मधली तीन बोटांची सलामी उचलली, तर लष्कर बोटं वर करणाऱ्यांनाच धरायला लागलं. सिनेमातली खूण सिनेमातच राहिली असती हो, सरकारनेच तिला मोठं केलं. २०२१ मध्ये ती म्यानमारच्या रस्त्यांवरही दिसली.

उलटा प्रवास मात्र मला खटकतो. आंदोलनातली मूठ टी-शर्टवर येते, मागणी गळून पडते, उरते फॅशन. आणि बड्या कंपन्यांविरुद्धच्या 'ऑक्युपाय' आंदोलनातला तो मिशीवाला, 'व्ही फॉर व्हेंडेटा' सिनेमातला 'गाय फॉक्स' मुखवटा? त्याचे हक्क वॉर्नर या हॉलिवूडच्या कंपनीकडे. म्हणजे बड्या कंपन्यांविरुद्ध घसा फोडायचा, आणि मुखवटा अस्सल असेल तर रॉयल्टी एका बड्या कंपनीलाच! भाची यावर खो खो हसली. मला तेवढं हसू आलं नाही.